छतापर्यंत न गेलेली भिंत

शुक्रवार पेठ, सोलापूर
१२ नोव्हेंबर २०२३

चि. अल्तमश यास खालाच्या अनेक दुआ.

तुझ्या स्टुडिओची प्रश्नावली पोचली. आधी वाटलं बँकेची आहे. मग पहिला प्रश्न वाचला, 'लहानपणी तुम्ही रुसून कुठे बसायचात?' बँक एवढ्या खोलात जात नाही. तर उत्तर लिहून घे. आम्ही सात भावंडं दोन खोल्यांत वाढलो. रुसायला जागाच नव्हती, म्हणून कुणी रुसलं नाही. तुझी अम्मी एकदा रुसून जिन्यात बसली होती, तर लोक तिला ओलांडून ये-जा करत राहिले. शेवटी कंटाळून उठली. दुसरा प्रश्न, 'तुमचं घर प्राणी असतं तर कोणता असतं?' ह्याचं उत्तर मी देणार नाही. तीस वर्षं म्युनिसिपालटीच्या शाळेत मराठी शिकवलंय, असले प्रश्न मी काढायची, सोडवायची नाही.

क्लायंटनं आर्किटेक्टला हातानं पत्र लिहावं असा तुमचा नियम आहे म्हणे, कारण फोनवर माणूस खरं बोलत नाही. पुण्यात तसं असेल. आमच्याकडे फोनवर खरंच बोलतात, फक्त ते सगळ्या गल्लीला कळतं. जन्म मागांच्या खडखडाटात गेलेलं हे घर. तुझे खालू 'मीठ दे' म्हणाले तरी रस्त्यावरचा सायकलवाला ब्रेक मारतो. ह्या घरात गुपित राहिलं तर कागदावरच राहतं. म्हणून मी लिहिते. तूही लिहूनच कळव.

आता गुपित. अक्कलकोट रोडच्या प्लॉटवर घर बांधायचंय ते मला हौस आली म्हणून नाही, गुलनाजच्या लग्नासाठी. तिला एकोणतिसावं लागलं. दोन स्थळं आली आणि गेली. तुझ्या खालूंच्या कानांनी आणि गुडघ्यांनी एकदम राजीनामा दिल्यापासून एमआयडीसीतला कारखाना तीच बघते. टॉवेलचे बारा माग. मिस्त्री आला नाही तर स्वतः पाना घेऊन मागाखाली शिरते. पहिल्या स्थळाला हे कळलं, ते म्हणाले, आमच्यात बायका कारखान्यात बसत नाहीत. दुसऱ्याला कळलं, ते म्हणाले, बसू दे की, पण कारखाना मुलाच्या नावावर करा. म्हणून मी ठरवलंय की तिसऱ्याला काही कळूच द्यायचं नाही. मुलगी घरात असते, शिवणकाम येतं, बस्स. लग्न ठरलं की माग विकायचे. हे मी आणि तुझ्या खालूंनी मिळून ठरवलंय. म्हणजे मी ठरवलंय, त्यांना अजून ऐकू गेलेलं नाही. गुलनाजला मी सांगितलंय. ती काही बोलली नाही. मला तिचं न बोलणंच आवडत नाही. पण आम्ही दोघं गेल्यावर बारा माग तिला ताप आला तर पाणी विचारणार नाहीत, एवढं मला कळतं.

घर कसं हवं ते सांगते. पाहुणे बैठकीत बसतात, चहा होतो. मग आपण उठून आत जायचं, म्हणजे त्यांना आपापसात बोलता येतं. आत आपण आपापसात बोलायचं. मग सगळ्यांनी परत एकत्र बसून गोड गोड खोटं बोलायचं. सोयरीक अशी जमते. त्यासाठी दोन खोल्या लागतात आणि मधे एक भिंत लागते. पेठेतल्या ह्या घरात पाहुण्यांना आपसात बोलायला जिन्यात उभं राहावं लागतं. मला ती भिंत बांधून दे. बाकी तुझी कला काय दाखवायची ती दाखव.

तुझी खाला,
सुगराबी

•

स्टुडिओ चिंचोका, पुणे
१५ डिसेंबर २०२३

प्रिय खाला, सलाम.

तुमचं पत्र आम्ही स्टुडिओत मोठ्यानं वाचलं. स्टुडिओत आम्ही दोघंच आहोत, मी आणि माझी पार्टनर उत्कर्षा. ती मूळची वळसंगची, तेव्हा सोलापूरचं ऊन तिला समजावून सांगावं लागत नाही. 'मधे एक भिंत लागते' हे वाक्य तिनं परत वाचायला लावलं. मग म्हणाली, ह्या बाईंना भिंत नकोय, भिंतीमागचा निवांतपणा हवाय. तिथून आमच्या डिझाइनची सुरुवात झाली.

नकाशे सोबत आहेत. थोडक्यात सांगतो. बैठक घराच्या मधोमध, आणि तिच्यावर थेट छतापर्यंत मोकळी जागा. खालची गरम हवा त्या पोकळीतून वर चढेल आणि वरच्या झरोक्यातून निघून जाईल. एसी लागणार नाही. वरच्या मजल्यावरच्या खोल्या ह्या पोकळीभोवती आहेत. त्यांच्या भिंती सात फुटांवर थांबतात, छतापर्यंत जात नाहीत, म्हणजे वारा अडत नाही. गिलावा कुठंच नाही, वीट श्वास घेते. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्स, ऊन परतवायला. बैठकीच्या कडेला पाण्याचं छोटं तळं, गारव्यासाठी.

आणि एक गंमत. तुम्ही लिहिलंत, लहानपणी रुसायलासुद्धा जागा नव्हती. ते मनाला लागलं. म्हणून जिन्याच्या शेजारी, वरच्या मजल्यावरून बैठकीत उतरणारी एक घसरगुंडी ठेवली आहे. राहून गेलेलं बालपण म्हणा. नको म्हणू नका. हे आमचं पहिलं घर आहे.

घराचं नाव सध्या आम्ही 'श्वास' ठेवलंय.

तुमचा,
अल्तमश

•

शुक्रवार पेठ
२६ फेब्रुवारी २०२४

चि. अल्तमश यास दुआ.

पाया झाला, भिंती उठायला लागल्या. गुलनाज कारखान्यातून येताजाता कामावर उभी राहते. गुंडा नावाचा गवंडी तिला 'म्याडम' म्हणतो आणि मला 'म्हातारी बाई' म्हणतो. मला ते कळू नये म्हणून तेलुगूत म्हणतो. मी वर्गात तीस वर्षं घरी तेलुगू बोलणारी पद्मशाली पोरं शिकवलीत, हे त्याला ठाऊक नाही.

आता नकाशाबद्दल. सोलापुरात नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं आणि तू बैठकीत तळं काढलंस. बेटा, त्या तळ्यात शेजारी बादल्या बुडवतील, आणि मी नाही म्हणू शकणार नाही, कारण पाण्याला नाही म्हणत नाहीत. तळं काढून टाक. नाव पण बदल. 'श्वास' अशी पाटी लावली तर लोकांना वाटेल आत दम्याचा डॉक्टर बसतो.

घसरगुंडी मात्र राहू दे. तू मनापासून दिलीस, आणि पोराच्या हातचं खारट झालं तरी खावं असं आमच्या अम्मीनं शिकवलंय.

गिलाव्याचं काय करायचं ते सांग. शेजारच्या प्लॉटवर सोजरबाई राहतात, दोन वर्षांमागं शेतावरून इथं आल्या, माणूस मोकळं. त्या रोज भिंतीपाशी उभ्या राहतात आणि मान हलवतात. परवा म्हणाल्या, "टीचर, पैसं सपलं व्हय? सपत्यात. आमचंबी तसंच झाल्तं." मी म्हटलं, नाही हो, हे असंच ठेवायचंय, मुद्दाम. त्यांनी माझ्याकडे फार मायेनं बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातली उरलेली दोन पोती सिमेंट दारात. मी परत पाठवली, तर त्यांना वाटलं मी मानी आहे. आता सगळी वसाहत मला हळू आवाजात नमस्कार करते. त्यांना काय सांगू, गिलावा न करायची मजुरी गिलाव्यापेक्षा जास्त पडली? गुंडा म्हणतो, वीट उघडी राहणार तर नीट लावावी लागते.

वरच्या मागच्या खोलीला दार आणि आतून कडी पाहिजे. तीच आपापसात बोलायची खोली. सात फूट भिंत म्हणजे पुरे. एवढा उंच पाहुणा आपल्यात नाही.

तुझी खाला

•

पुणे
३ डिसेंबर २०२४

प्रिय गुलनाज,

हे पत्र साइटच्या कागदांबरोबर पाठवतोय. खालाला दाखवू नकोस.

गेल्या आठवड्यात मी आणि उत्कर्षा येऊन गेलो, तेव्हा एक लक्षात आलं. उत्कर्षा वरच्या मागच्या खोलीत कोपऱ्यात उभी राहून फोनवर तिच्या आईशी बोलत होती. अगदी हळू. मी खाली बैठकीत होतो. मला तिच्या आईनं माझ्याबद्दल विचारलेलं आणि तिनं दिलेलं उत्तर, दोन्ही ऐकू आलं. उत्तर बरं नव्हतं. मग आम्ही उलटं करून बघितलं. खालची कुजबुज वर तशीच्या तशी पोचते. भिंती छतापर्यंत नाहीत, पोकळी भोंग्यासारखी काम करते. आम्ही वाऱ्याचा विचार केला होता. आवाजाचा केला नव्हता.

खालाला नेमकी ती खोली कशासाठी हवीय, ते तुला माहीत आहे. तेव्हा एक काम कर. गुंडाला सांगून ती एक भिंत छतापर्यंत चढवून घे. तोवर कठड्यावर जाड टॉवेल लावून टाक, आवाज जरा मरेल. टॉवेलना तुमच्याकडे काय तोटा.

शरमिंदा,
अल्तमशभाई

•

अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर
११ डिसेंबर २०२४

अल्तमशभाई, सलाम.

टॉवेल शिल्लक नाहीत. आहेत ते सगळे ऑर्डरचे आहेत.

गुंडापण गावाला गेलाय. कधी येईल सांगता येत नाही.

अम्मीची काळजी करू नकोस. तिला कळणार नाही. आमच्या घरात सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येतंच, ते घरामुळे येतंय की आमच्यामुळे, हे तिला कधी वेगळं करता येणार नाही. घर मोठ्यानं बोलतंय हे समजायला घरात हळू बोलणारं माणूस लागतं.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. पाहुणे येतात तेव्हा मी चहा ठेवायचा आणि आत जायचं, असं असतं. माझ्याबद्दल काय ठरलं ते मला नंतर अम्मीकडून कळतं, तेही गाळून, चहासारखं. मी अम्मीशी भांडू शकत नाही. ती माझ्या भल्यासाठीच करते आणि अशा माणसाशी भांडता येत नाही. पण कारखाना मी सोडणार नाही. हे मला एकदा तरी सगळ्यांना एकदम सांगायचंय, कुणाच्या गाळणीतून न जाता.

असो. भिंतीला हात लावू नकोस. तुझी ती पोकळी मला फार आवडली.

गुलनाज

•

पुणे
२० डिसेंबर २०२४

प्रिय गुलनाज,

तुझं शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलंय. वर्षभरात ती पोकळी आवडली म्हणणारी तू पहिली. उत्कर्षाला दाखवलं, तर ती म्हणाली, पत्र परत एकदा नीट वाच. वाचलं. दुसऱ्यांदाही तितकाच आनंद झाला.

भिंतीला हात लावत नाही.

अल्तमशभाई

•

अक्कलकोट रोड, सोलापूर
६ मे २०२५

चि. अल्तमश यास दुआ.

राहायला येऊन महिना झाला. एक गोष्ट कबूल करते आणि परत करणार नाही. बाहेर त्रेचाळीस असताना दुपारी बैठकीत शहाबादी फरशीवर आडवी पडले तर झोप लागते. पेठेत उन्हाळ्यात झोप लागत नसे, फक्त शुद्ध जायची. सोजरबाई पण दुपारी येऊन पडतात. झोपायच्या आधी विटांकडे बघून 'व्हईल हळूहळू' म्हणतात, मग घोरतात.

आता महत्त्वाचं. स्थळ आलंय. होटगी रोडला राहतात, ट्रान्सपोर्टचा धंदा. मुलाचं नाव गौस, वय बत्तीस, ऑफिसात बसतो म्हणे, गाड्या माणसं चालवतात. वडील नाहीत. आई राहतबी आणि चाचा येतील. रविवारी, अठरा तारखेला. मी सांगितलंय, मुलगी घरात असते. तुझ्या खालूंना बजावलंय की तुम्ही फक्त 'माशाअल्ला' म्हणायचं, दुसरं काही नाही. ते माझ्या कानाशी ओरडून 'बरं' म्हणाले.

मागच्या खोलीचं दार अजून आलेलं नाही. अठरा तारखेच्या आत दार नाही आलं तर मी तुझ्या अम्मीला फोन करीन. फोन, पत्र नाही.

सुगराबी

•

पुणे
१० मे २०२५

प्रिय खाला,

दार निघालंय. जुन्या सागवानाचं आहे, पितळी कडीसकट. अतिशय सुंदर दार आहे. दाराबद्दल मी पूर्ण खात्री देतो.

अल्तमश

•

अक्कलकोट रोड, सोलापूर
१९ मे २०२५

अल्तमश,

दार खरंच सुंदर आहे. तू फक्त दाराबद्दलच खात्री दिली होतीस, हे मला काल संध्याकाळी पाच वाजता समजलं.

क्रमानं सांगते, म्हणजे तुला क्रमानं लाज वाटेल.

पाहुणे आले. राहतबी म्हणजे माझ्याच वयाची, नाकीडोळी नीटस, नजर अशी की कपाटातल्या कपड्यांच्या घड्या बाहेरून मोजेल. तिनं बसल्या बसल्या विटा बघितल्या, वर पोकळीकडे बघितलं आणि विचारलं की काम केव्हा पुरं होणार. मी म्हटलं, पुरं झालंय. ती 'माशाअल्ला' म्हणाली. तुझ्या खालूंना वाटलं आपली पाळी आली, तेही 'माशाअल्ला' म्हणाले. खिडकीवरची कबुतरं उडाली.

चाचांना घर बघायचं होतं. वर गेले, आणि जिना समजून घसरगुंडीवर पाय ठेवला. थेट नानकटाईच्या ताटलीपाशी पोचले. साठीचं माणूस, पांढरा पायजमा. मी डोळे मिटले. उघडले तर चाचा उठून, पायजमा झटकून, परत वर निघाले होते. दुसऱ्या वेळेला मुद्दाम आले. तिसऱ्या वेळेला राहतबीनं 'भाईसाब' एवढंच म्हटलं, तेव्हा बसले.

गौस शांत होता. गुलनाजनं चहा ठेवला, त्यानं तिच्याकडे बघितलं, मग कपाकडे. सगळं रीतीप्रमाणं. चहा झाला, आम्ही उठलो. तुम्ही बोला आपापसात, असं म्हणून मी तुझ्या खालूंना आणि गुलनाजला घेऊन वर मागच्या खोलीत गेले. तुझं दार लावलं. तुझी पितळी कडी घातली.

आणि माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "घर अधूराच है. पैसे खतम हुए दिसते."

मी मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं. राहतबी खाली बैठकीत होती, आणि माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बोलावी तशी बोलत होती. पुढं म्हणाली, मुलगी चांगली आहे, माणसं जरा आरडाओरडा करतात पण साधी वाटतात. मग म्हणाली, गाडी तू स्वतः चालवतोस हे इतक्यात बोलू नकोस, निकाह होऊ दे.

आधी मला बरं वाटलं. ऑफिसात बसतो म्हणे. मग लक्षात आलं. खालचं वर येतंय, म्हणजे वरचं खाली जाणार. मी तोंडावर बोट ठेवलं. तुझ्या खालूंनी विचारलं, काय झालं. म्हणजे होटगी रोडपर्यंत विचारलं. मी हातानं खूण केली, बसा. ते बसले.

गुलनाज बसली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं, तिच्या अब्बांसमोर जाऊन उभी राहिली आणि बोलली. बारा माग चालू असताना तेराव्या माणसाला ऐकू जाईल, त्या आवाजात.

"अब्बा, अम्मी विचारतेय मला हे स्थळ पसंत आहे का. मुलगा मला बरा वाटला. पण कारखाना मी चालवते हे त्यांना सांगितलेलं नाही, आणि लग्नानंतर मी तो सोडणार नाही. अम्मीला माग विकायचेत. मला विकायचे नाहीत."

नंतर मी विचारलं, तेव्हा म्हणाली, अब्बांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलले. ह्यात खोटं काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

तुझे खालू उठून उभे राहिले. "विकायचे? कोण विकतंय माग?" अल्तमश, दीड वर्ष ज्या माणसाला मी हे ऐकू जाऊ दिलं नाही, त्याला एका वाक्यात कळलं, आणि त्याच्याकडून सगळ्या वसाहतीला. मी विकते म्हटलं. ते म्हणाले, मला विचारलंस का. मी म्हटलं, विचारलं होतं, तुम्ही 'बरं' म्हणालात. ते म्हणाले, मी सगळ्यालाच 'बरं' म्हणतो, चाळीस वर्षं म्हणतोय, तू त्याच्यावर विश्वास ठेवलास?

मग खाली शांत. वरपण शांत. असली शांतता ह्या घरात पहिल्यांदाच झाली. त्या शांततेत पोकळीतून गौसचा आवाज वर आला, नीट, सावकाश.

"गाडी मीच चालवतो. हैदराबाद लाइनला. ऑफिस नाही आमचं."

"गौस, चुप बैठ," राहतबी म्हणाली. तेही आलं.

मी कडी काढून बाहेर कठड्याशी गेले आणि खाली बघितलं. राहतबी वर बघत होती. दोघींनाही कळलं होतं की आता दोघींच्या हातात काही उरलं नाही. शेवटी तीच म्हणाली, "टीचर, खाली या. वर बसून आता काय उपयोग."

खाली गेले. परत एकत्र बसलो, पण बोलायला खोटं शिल्लक नव्हतं आणि खऱ्याची कुणाला सवय नव्हती. चाचांनी हवापाण्याबद्दल थोडं सांगितलं. मग राहतबी उठली, म्हणाली, विचार करून कळवतो. विचार करून कळवतो म्हणजे काय, ते मी ह्या आधी दोनदा ऐकलेलं आहे.

गुलनाज आज सकाळी नेहमीसारखी कारखान्यात गेली. तुझे खालू माझ्याशी बोलत नाहीत. ह्या घरात ते कसं वाटतं ते तुला सांगता येणार नाही. पंखा बंद पडल्यासारखं.

भिंत पाठव. गवंडी पाठव. आणि तुला हे आधी माहीत होतं का, ते एका ओळीत लिहून पाठव.

सुगराबी

•

पुणे
२४ मे २०२५

प्रिय खाला,

एका ओळीत: होय, डिसेंबरपासून माहीत होतं.

पुढच्या ओळी माफीच्या. भिंत मी माझ्या खर्चानं छतापर्यंत चढवून देतो. गुंडाशी बोललो. तो म्हणाला, मी तर गेलं वर्षभर सोलापुरातच आहे, गावाला कधी गेलो? तेव्हा गुलनाजचं जुनं पत्र काढून तिसऱ्यांदा वाचलं. ह्या वेळी आनंद झाला नाही, पण समजलं. उत्कर्षाला सांगितलं, तर ती म्हणाली, शाब्बास, आणि परत कामाला लागली.

माझी चूक आहे, गुलनाजची नाही. तिच्यावर रागावू नका. सोयरीक मोडली असेल तर ती आमच्या घरानं मोडली, असं समजा.

अल्तमश

•

अक्कलकोट रोड, सोलापूर
२९ जून २०२५

चि. अल्तमश यास दुआ.

तुझ्यावर मी अजून रागावलेलीच आहे, तरी बातमी कळवायला हवी.

बकरीद झाली आणि चौथ्या दिवशी राहतबी एकटी आली, रिक्षा करून. बसली नाही. म्हणाली, कारखाना बघायचाय. मला वाटलं आता तिथं जाऊन नावं ठेवणार. नेलं. तिथं माग चालू, कुणाला कुणाचं ऐकू येईना. गुलनाज एका मागाशी वाकून काहीतरी सोडवत होती, हात तेलानं काळे. तिनं राहतबीला बघितलं, मान हलवली आणि आधी काम संपवलं, मग आली. मी मनात म्हटलं, झालं.

बाहेर आल्यावर राहतबी रस्त्यावरच बोलायला लागली. तिचा नवरा ट्रकवर असायचा. महिन्यातले वीस दिवस बाहेर. ती आणि सासू समोरासमोर बसायच्या आणि एकमेकींच्या चुका काढायच्या, कारण दुसरा उद्योग नव्हता. गौसपण तसाच बाहेर असणार. म्हणाली, "मला माझं तोंड बघत बसणारी सून नको. हिला कामाला जाऊ दे. संध्याकाळी दोघी दमलेल्या असलो म्हणजे भांडण होत नाही." आणि कारखाना कुणाच्या नावावर, ते विचारलंसुद्धा नाही. विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, ते वाया गेलं.

मी पळत आत जाऊन गुलनाजला सांगितलं, हो म्हणालेत. तिनं हात पुसले. म्हणाली, मी विचार करून कळवते.

आता मुलीकडचीही माणसं विचार करून कळवतात. सतरा दिवस घेतले. तेवढ्यात दोनदा गौसला कारखान्यावर बोलावून घेतलं, हैदराबादहून येताना. काय बोलले ते मला माहीत नाही. तिथं ऐकू येत नाही, हीच त्या जागेची सोय. काल हो म्हणाली. निकाह डिसेंबरात. माग विकायचे नाहीत. तुझे खालू परत बोलायला लागले, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

भिंतीला गुंडा आला होता, मापं घेऊन गेला. मी म्हटलं, थांब, बघू. राहतबी आता आठवड्याला येते, आणि तिच्याशी बोलताना मला वर जावं लागत नाही.

आज सकाळी सोजरबाई कुंपणाशी उभ्या होत्या. गुलनाज स्कूटरवरून बाहेर पडली. ओळख झाल्यापासून मी त्यांना सांगत आलेय की पोरगी शिवणाच्या क्लासला जाते. आज त्यांनी विचारलंही नव्हतं, मीच म्हटलं, कारखान्यात जाते ती. बारा माग आहेत, तीच चालवते. तोंडातून निघेपर्यंत मला घाम फुटला होता.

सोजरबाई म्हणाल्या, "ठावं हाय की. समद्या गल्लीला ठावं हाय. आमाला वाटलं, तुमालाच ठावं न्हाय."

तुझी खाला,
सुगराबी